उत्तर येईपर्यंत

बसा.

खुर्चीत, चटईवर, पलंगाच्या कडेला. जिथे असाल तिथेच. खांदे खाली येऊ द्या. जबडा सैल सोडा.

श्वास आत येतोय. श्वास बाहेर जातोय. त्याला काही शिकवायचं नाही.

आता उजवा हात मांडीवर ठेवा आणि त्याची तर्जनी पाहा. नुसती पाहा.

नखाची कडा. पेरावरच्या सुरकुत्या. टोकावरच्या बारीक रेषा.

या बोटाने दिवसभर किती कामं होतात. बटण दाबलं जातं, पान उलटलं जातं, आमटीची चव घेतली जाते, लेकराच्या गालावर ओघळलेलं काजळ पुसलं जातं. बोट ते करून मोकळं होतं आणि आपलं लक्षही नसतं.

हात एकीकडे चालू असतो, मन दुसरीकडे असतं. सवयी अशाच जगतात.

आज अशाच एका बोटापाशी थोडा वेळ बसू या.

*

एक अंगण डोळ्यांसमोर आणा.

पुणे जिल्ह्यातलं एखादं गाव. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची सकाळ. सारवलेली जमीन अजून ओलसर आहे. शेणाचा वास, चुलीच्या धुराचा वास. कुठेतरी कोंबडी कुरकुरते आहे.

दाराच्या पायरीवर एक बाई बसली आहे. डोक्यावर पदर. तिच्या डाव्या तळहातावर चिमूटभर काळी पूड आहे.

मशेरी.

तंबाखू तव्यावर टाकायची, काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर ठसका उठतो. शेजारघरातूनही कोणी खोकतं.

उजव्या हाताची तर्जनी पुडीवर टेकते. दातांवरून फिरते. हिरड्यांवरून फिरते. पुन्हा तळहात. पुन्हा दात.

घाई नाही.

तिचा चेहरा पाहा. हा थोडासा वेळ तिचा एकटीचा आहे. यानंतर चूल आहे, पाण्याचे हंडे आहेत, गोठा आहे, रान आहे. संध्याकाळपर्यंत तिला कोणी बसू देणार नाही. मशेरी लावताना मात्र तिला कोणी उठवत नाही.

हे मनात राहू द्या.

*

अंगणात कोणीतरी येतं. पायांवर धूळ. काखेत फॉर्मचा गठ्ठा. पिशवीत बॅटरी आणि तोंड तपासायचा छोटा आरसा.

"बसू का, मावशी?"

"बस की."

तो खालच्या पायरीवर बसतो. आता तिला मान वर करून त्याच्याकडे पाहावं लागत नाही.

"मावशी, मशेरी कधीपासून लावता?"

बोट थांबतं.

इथे आपणही थांबू.

एक श्वास. अजून एक.

प्रश्न विचारून झाला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मधली ही मोकळी जागा पाहा. इथे पेन्सिल हलत नाही. इथे कोणी "दहा वर्षं झाली असतील ना?" असं सुचवत नाही.

मावशी साल आठवत नाहीये. सालाशी तिचा कधी संबंध आला नाही. ती मागे मागे चालली आहे. धाकट्याच्या वेळचं बाळंतपण. त्याआधी थोरली. त्याआधी लग्न. सासरचं पहिलं वर्ष.

"दाढ ठणकत हुती," ती म्हणते. "सासू म्हणाली, जरा लावून बघ."

आणि मग बऱ्याच वेळाने म्हणते, "आता लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई."

पेन्सिल हलते. दोन चौकटी भरतात. त्या भरायला दोन क्षण पुरले. ही वाक्यं वर यायला जो वेळ लागला, त्याला फॉर्मवर चौकट नाही.

तरी सगळं काम त्या वेळावर उभं आहे. त्या वेळापाशी थोडं बसा.

*

हा विचारणारा कुठून आला आहे?

नजर गावातून उचला आणि सावकाश मुंबईला न्या. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरपाशी, समुद्राला लागून एक संस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था. आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. गणितासाठी, विश्वकिरणांसाठी, अणूच्या अभ्यासासाठी लोक तिला ओळखतात.

त्याच संस्थेत १९६०च्या दशकात दंतसंशोधनाचा एक विभाग काम करतो आहे. प्रमुख आहेत डॉ. फली मेहता, दंतवैद्य. कोपनहेगनच्या रॉयल डेंटल कॉलेजचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग त्यांच्या साथीला आहेत. संख्याशास्त्र प्रकाश गुप्ता पाहतात. दफ्तरी, भोंसले, मूर्ती, सिनोर अशी आणखी नावं पुढे शोधनिबंधांवर येत राहतात.

त्यांच्यापुढचा प्रश्न सांगायला सोपा आहे. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर एवढा का होतो?

गालातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी दिसते. ती पेशी अशी का झाली, हे काचेवर दिसत नाही. त्यासाठी सवय जिथे राहते तिथे जावं लागतं. ओसरीवर. बांधावर. पायरीवर.

म्हणून ही माणसं निघतात.

१९६६ सालापासून पाच जिल्हे. केरळात एर्नाकुलम. आंध्रात श्रीकाकुलम. गुजरातेत भावनगर. तेव्हाच्या बिहारात सिंगभूम आणि दरभंगा.

ही नावं पुन्हा एकदा, हळू वाचा. प्रत्येक नावाला वेगळी भाषा आहे, वेगळं पाणी आहे, तंबाखूची वेगळी रीत आहे. कुठे विड्यात घालून, कुठे विडी ओढून, कुठे चुन्याबरोबर तळहातावर मळून.

आणि श्रीकाकुलमच्या गावांत बायका चुट्टा ओढतात, जळतं टोक तोंडाच्या आत धरून.

थांबा.

जळतं टोक आत.

मनात "बाप रे" उमटेल. उमटू द्या. मग जाऊ द्या.

कारण समोर ती बाई बसली आहे आणि तिला तुमच्या चेहऱ्यावरचं "बाप रे" दिसतं आहे. ते दिसलं की ती तोंड उघडणार नाही. तपासायला नाही, आणि बोलायलाही नाही.

तिथे गेलेला डॉक्टर चेहरा शांत ठेवतो. बॅटरी लावतो. टाळू पाहतो. धगीने पांढुरकी झालेली, त्यावर बारीक लाल ठिपके. तो बॅटरी बंद करतो. मग विचारतो आणि वाट पाहतो.

पाच जिल्ह्यांत अशी ५०,९१५ माणसं तोंड उघडतात. १९६९ साली तो अभ्यास छापून येतो.

आता स्वतःचं तोंड जरा उघडून पाहा. अनोळखी माणसापुढे "आ" करायचं आहे, असं समजा. जबड्यापाशी थोडा संकोच येतो ना? किडलेली दाढ आठवते. तोंडाचा वास आठवतो. ओठ आपोआप मिटू पाहतात.

तो संकोच जाणवू द्या.

पन्नास हजार माणसांनी तो क्षणभर बाजूला ठेवला.

*

मग पुणे जिल्हा.

इथे १,०१,७६१ गावकरी तपासले जातात. १९७२ साली ते प्रसिद्ध होतं. आपली मावशी त्यांच्यातलीच एक आहे, असं समजू या.

आकडा मनातल्या मनात उच्चारा. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट.

मोठ्या आकड्यापाशी मन पळतं. त्याला परत आणा. शेवटच्या "एक"वर आणून बसवा.

हा एक माणूस कोण असेल? गावाबाहेरच्या वस्तीवरचा कोणी धनगर असेल. आजारी म्हणून आत झोपलेली कोणी आजी असेल. पहिल्या खेपेला घर बंद होतं, म्हणून कोणीतरी पुन्हा ऊन डोक्यावर घेऊन तिथवर चालत गेलं असेल.

आकडा गोल केला असता तर तो एक गळला असता.

तो गळू दिला नाही. एका श्वासापुरतं त्या एकाजवळ बसा.

*

आता थोडं अवघड ठिकाण येतं. पाठ पुन्हा टेकवा. श्वास घ्या.

मावशीच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. अशा चट्ट्याचं पुढे काय होऊ शकतं, हे डॉक्टरांना माहीत आहे. ते तिला सांगतात. ती ऐकते. मान डोलावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पुन्हा पुडीवर टेकतं.

राग आला तर तो कुठे बसला आहे ते पाहा. कपाळात? छातीत? जिभेच्या शेंड्यावर?

त्याला तिथेच राहू द्या आणि पायरी पुन्हा पाहा. तो एकटीचा वेळ पाहा. "मशेरी सोड" हे दोन शब्द तिच्या कानावर कसे पडत असतील, ते ऐका. दिवसभरातली बसायची ती एकच जागा कोणीतरी मागतं आहे.

तिला धोका कळला आहे. तरी सुटत नाही. कळणं आणि सुटणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. लोकांच्या आरोग्याच्या सवयींचा अभ्यास करणारी माणसं आपलं आयुष्य या अंतरात घालवतात.

डॉ. मीरा आघी त्यांच्यापैकी एक. वर्तनशास्त्रज्ञ.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आघींसह, टाटा संस्थेतला हा चमू एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांकडे जातो. या वेळी मोजायला जातो आणि सोडायला मदत करायलाही. चित्रफिती असतात, भित्तिपत्रकं असतात, रेडिओ असतो, लोकनाट्य असतं. आणि समोरासमोर बसून केलेलं बोलणं असतं.

वर्षातून एकदा तेच दार. तीच माणसं.

तुमच्या दारात असं कोणी येतं आहे, अशी कल्पना करा.

तो ओरडत नाही. लाजवत नाही. "कमी झाली का?" एवढं विचारतो.

तुम्ही "नाही" म्हणता.

तो "नाही" लिहितो. पाणी पितो. जातो.

पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

त्या "नाही"ला मिळालेला मान पाहा. तो खोडला जात नाही. त्याचं "हो" करून घेतलं जात नाही. खरं नको असलेलं निघालं तरी ते तसंच लिहायचं, हा या माणसांचा नेम आहे.

बहुतेकांची तंबाखू सुटत नाही. काहींची सुटते. काहींची कमी होते. सल्ला न मिळालेल्यांशी ताडून पाहिलं तर सोडणारे जास्त भरतात. एर्नाकुलममध्ये तोंडातले नवे चट्टे कमी झालेले दिसतात. १९८६ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून येतं.

न उठलेला चट्टा कोणाला दाखवता येत नाही. ज्याच्या गालात तो उठायचा राहिला, त्यालाही ते कधी कळत नाही. तो माणूस जेवतो आहे, नातवाला हाक मारतो आहे, आणि त्याच्या आयुष्यात काही टळलं आहे.

टळलेल्या गोष्टीपाशी बसायची आपल्याला सवय नाही. आज एक श्वास बसा.

*

आता शहरात या.

१९९०च्या दशकातली मुंबई. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी मतदारयाद्या समोर घेऊन बसले आहेत. पस्तीस आणि त्याहून जास्त वयाची माणसं. विचारणाऱ्यांच्या हातात आता कागदाच्या जागी हातात मावणारा छोटा संगणक आहे.

चाळीचा जिना चढा. लाकडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या. कठड्यावर वाळत घातलेले कपडे. कुकरची शिट्टी. दाराशी चपलांचा ढीग.

"ताई, जरा बोलायचं होतं."

दार उघडतं.

उंच इमारतींच्या फाटकांवर पहारेकरी असतात. तिथून आत जाता येत नाही, म्हणून त्या इमारती या अभ्यासात नाहीत. जी दारं उघडली ती चाळींची, साध्या वस्त्यांची. ज्यांच्याकडे मोकळा वेळ सगळ्यात कमी, त्यांनी तो दिला.

९९,५९८ माणसं बोलतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका तंबाखू वापरतात. जवळजवळ सगळ्याच जणी धुराशिवाय. मशेरी लावून, पानात घालून, मळून.

मावशी शहरात आली आहे. पायरी राहिली गावात. आता मोरीच्या कट्ट्याशी बसते. बोट तेच आहे.

पाच-सहा वर्षं जातात.

त्यांच्यातल्या ५२,५६८ जणांची चौकशी करायला माणसं पुन्हा बाहेर पडतात. तोच जिना. तेच दार. यादीतलं तेच नाव.

"काकू आहेत का?"

दार उघडणारी सून काही बोलत नाही.

थांबा.

इथला श्वास अगदी सावकाश घ्या.

"गेल्या. दोन वर्षं झाली."

पुढचा प्रश्न ठरलेला आहे. "कशाने?" तो विचारायचाच आहे, त्यासाठीच ही खेप आहे. पण विचारणारी लगेच विचारत नाही. हातातलं यंत्र खाली ठेवते. सून पाण्याचा तांब्या पुढे करते. ती दोन घोट घेते. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. ती त्याच्याकडे पाहते. मग हळू आवाजात विचारते.

या थांबण्याकडे पाहा. त्याने अभ्यासाला उशीर होतो. त्यानेच अभ्यासाला खरं उत्तर मिळतं.

२००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत निष्कर्ष येतो. धुराशिवाय तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण न वापरणाऱ्या बायकांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त.

हे वाक्य एका दमात वाचून होतं. परत वाचा. त्यात कितीतरी जिने आहेत. कितीतरी "गेल्या" आहेत.

*

दोन्ही हात पुढे घ्या. तळवे वर. ओंजळ करा.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायका. कोणाला तिसरा महिना, कोणाला सातवा. घरोघर जाऊन त्यांना तंबाखूबद्दल विचारलं जातं. मग बाळंतपण होईपर्यंत त्यांचा माग ठेवला जातो.

हे काम सोपं नाही. बाळंतपणाला मुली माहेरी जातात. पत्ता बदलतो, गाव बदलतं. तरी १,१६७ जणींपर्यंत पुन्हा पोचता येतं.

प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांचा हा अभ्यास २००४ साली "ब्रिटिश मेडिकल जर्नल"मध्ये येतो. तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरतात.

१०५ ग्रॅम.

साधारण दोन अंड्यांचं वजन. ते ओंजळीत ठेवा.

फार नाही वाटत. हात खाली जात नाहीत. पण हे वजन अडीच-तीन किलोच्या जिवाच्या अंगावर यायचं होतं. गालावर. दंडावर. मांडीवरच्या वळीत.

ओंजळ तशीच धरा.

आता मन दोष द्यायला धावेल. आईला, सासूला, अडाणीपणाला. त्याला हळूच परत बोलवा. ओंजळीतल्या वजनापाशी आणून बसवा.

हे वजन आज आपल्याला सांगता येतं, कारण त्या बायकांनी पोटात बाळ असताना, घरात सासू-नणंदा वावरत असताना, अनोळखी माणसाला खरं सांगितलं. "हो, लावते." एवढं म्हणायला किती धीर लागत असेल.

आणि ऐकणाऱ्याची भुवई वर गेली नसेल, म्हणून पुढची बाईही खरं बोलली.

हात मांडीवर ठेवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता असा चमू तुमच्यासमोर एकेक करून येऊ द्या.

गावाचा नकाशा हाताने काढणारा माणूस. विहीर कुठे, देऊळ कुठे, कुठल्या घरापासून सुरुवात करायची, ते त्यावर आहे.

प्रश्न लोकांच्या बोलीत बसवणारी बाई. पुस्तकी प्रश्न आधी ती स्वतःच्या आईला विचारून पाहते. आईला कळला नाही तर तो बदलते.

गाडी हाकणारा. कच्च्या रस्त्याच्या शेवटी तो गाडी उभी करतो आणि झाडाखाली वाट पाहतो. गावातली पोरं त्याच्याभोवती जमतात. कुठल्या आळीत कोणाचं भांडण आहे, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.

"नको वाटलं तर नाही म्हणा, काही बिघडत नाही," हे वाक्य दिवसात कितीतरी वेळा म्हणणारी मुलगी. प्रत्येक वेळी ती ते पहिल्यांदा म्हणावं तसं म्हणते.

संध्याकाळी कंदिलाशी किंवा ट्यूबलाइटखाली फॉर्म तपासणारा. एक चौकट रिकामी आहे. ती अंदाजाने भरता आली असती. तो फॉर्म बाजूला काढतो. उद्या कोणीतरी पुन्हा त्या घरी जाईल.

आकडे भरणारी. हजारो ओळी. तिच्यासाठी एक ओळ म्हणजे एक माणूस. पण माणूस तिने पाहिलेला नाही. तरी ती एकही अंक चुकू देत नाही.

संख्याशास्त्रज्ञ. कागदावर ओळी जुळवून पाहतो, पुन्हा पाहतो. हवं तसं उत्तर आलं की अधिक संशयाने पाहतो.

यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठे छापून येत नाहीत.

प्रत्येकाच्या चेहऱ्याला एक श्वास द्या.

आणि आता, सगळ्यांत शेवटी, ती.

पायरीवरची मावशी.

तिचं नाव मुद्दाम झाकलं जातं. ते तिच्या भल्यासाठीच. पण चमूतली सगळ्यांत मोठी मदतनीस तीच आहे. तिने ठरवलं असतं तर "नाही लावत" म्हणून ती आत निघून गेली असती. कोणाला काही कळलं नसतं.

ती बसली. तिने तोंड उघडलं. तिने सांगितलं.

*

पानपट्टीवर लटकणारी तंबाखूची पुडी डोळ्यांसमोर आणा.

तिच्यावर रोगाने खाल्लेल्या तोंडाचं चित्र आहे. बघवत नाही. २०१६ सालापासून हा इशारा पुडीच्या ८५ टक्के भागावर छापावा लागतो.

आता सावकाश मागे चला.

२०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. २००३ साली देशाचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. १९८५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेल्या विड्याने माणसाला कॅन्सर होतो, याचा पुरावा पुरेसा असल्याचं नोंदवलं. त्या पुराव्यात भारतातल्या गावांमध्ये झालेल्या या पाहण्या होत्या.

अजून मागे. शोधनिबंध. त्यामागे आकड्यांचे तक्ते. त्यामागे फॉर्मचे गठ्ठे. त्यामागे एक प्रश्न.

त्यामागे थांबलेलं एक बोट.

इथवर आलात. थोडं बसा.

*

आता शेवटचा भाग. तो वाचायचा कमी आणि करायचा जास्त आहे.

तुमच्या ओळखीत कोणीतरी आहे. आजी असेल, वडील असतील, घरी कामाला येणाऱ्या मावशी असतील, कचेरीतला मित्र असेल. मशेरी, तंबाखू, गुटखा, सिगारेट. किंवा तुम्ही स्वतः असाल.

एक चेहरा मनात येऊ द्या.

आज त्या माणसाशेजारी बसा. उभं राहून बोलू नका. "हे कधी सुरू झालं?" एवढंच विचारा.

मग गप्प राहा.

सल्ला तोंडाशी येईल. तो आवरा. कॅन्सरचं चित्र दाखवावंसं वाटेल. ते त्यांनी पाहिलेलं आहे. उत्तर येईपर्यंत थांबा. अर्धं आलं, तर उरलेल्या अर्ध्यासाठीही थांबा.

सोडायचं आहे असं त्यांनीच म्हटलं, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पैसे पडत नाहीत. त्यांच्याजवळ बसून फोन लावा. नाही सुटली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जवळ बसा.

आणि तुमच्या दारात कधी कोणी प्रश्नावली घेऊन आलं, तर आधी ओळखपत्र पाहा. कशासाठी विचारता, ते विचारा. नको वाटलं तर नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे. हो म्हणालात, तर त्यांना बसायला द्या, पाणी द्या आणि खरं सांगा.

तंबाखू आपल्या माणसांचं काय करते, हे या देशाला आज ठाऊक आहे, ते अशाच अनोळखी माणसांपुढे खरं बोललेल्या लाखो लोकांमुळे.